दरबार, मेंढवाडा आणि रिंगण

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, माळव्यातील ज्या मराठी घरांचे कुलदैवत खंडोबा आहे त्या घरांत वांग्याचे भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य होतो, तळी भरली जाते आणि देवाचा नैवेद्य झाल्यावर एक वाटा कुत्र्यासाठी वेगळा काढला जातो. नर्मदा ओलांडून आलेल्या आपल्या पूर्वजांनी जे कुलाचार बरोबर आणले त्यांपैकी हा एक होय. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो. त्याचा भक्त स्वतःला देवाचा कुत्रा मानून ‘वाघ्या’ म्हणवतो आणि कोटंब्यात भिक्षा घेतो. दत्तमूर्तीच्या पायाशीही चार श्वान आहेतच. देवघरात एवढा मान मिळालेल्या या प्राण्याला आपल्या इतिहासलेखनात मात्र फारच थोडी जागा मिळाली. घोड्यांच्या पागा, हत्तींचे पीलखाने यांचे हिशेब आपण वाचतो. शिवकालीन अठरा कारखान्यांत शिकारखाना हा स्वतंत्र कारखाना गणला जाई, हेही आपल्याला ठाऊक असते. परंतु मेंढरे राखणारा आणि शिकारीमागे धावणारा कुत्रा कोणी पाळला, कोणी निवडला आणि कोणी टिकवला, या प्रश्नाकडे आपण क्वचितच वळतो.

हा प्रश्न आज नव्याने विचारण्याजोगा झाला आहे. देशी श्वानवंशांची पैदास करणे, त्यांच्या वंशावळी लिहून ठेवणे, त्यांना प्रदर्शनाच्या रिंगणात उतरवणे, हा अलीकडे अनेक कुटुंबांचा केवळ छंद राहिला नसून दिनक्रम झाला आहे. अशा वेळी जनावराची जात नेमकी कोण टिकवतो, तिला नाव देणारा, तिची वंशावळ लिहिणारा, की तिच्याकडून रोज काम घेणारा, याचा विचार केला पाहिजे. त्या विचाराची सुरुवात आपल्या धार जिल्ह्यातूनच करता येते.

इ. स. १६१७ मध्ये बादशहा जहांगीर कित्येक महिने मांडूस राहिला होता. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो हा त्याच्या छावणीबरोबर तेथे आला होता आणि रोबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. मोगल दरबाराला कुत्र्यांचे वेड जुनेच होते. अकबर देशोदेशींहून कुत्रे मागवीत असे आणि काबूलकडील हजारा मुलखातील कुत्रे उत्तम समजले जात, असे ‘आईन-ई-अकबरी’त नोंदलेले आहे. जहांगीरला इंग्लंडच्या दांडग्या मॅस्टिफ कुत्र्यांची हौस होती. समुद्रमार्गे निघालेल्या अशा कुत्र्यांपैकी मोजकेच जिवंत पोहोचले. त्यांतील एकाने हत्तीवर झेप घेतल्याचे पाहून बादशहा इतका प्रसन्न झाला की कुत्र्यांसाठी पालखी, वाहक आणि माश्या वारणारे चाकर नेमले गेले आणि स्वहस्ते घास भरविता यावा म्हणून चांदीचा चिमटा घडविला गेला, असे टेरीने लिहून ठेवले आहे.

त्याच मांडूतील दुसरा एक प्रसंग रोच्या रोजनिशीत आहे. त्याच्या मुक्कामाच्या वाड्यात एक सिंह आणि एक लांडगा रात्रीच्या वेळी येऊन आवारातील मेंढ्या-बकऱ्या उचलून नेऊ लागले. सिंहाला मारण्याचा अधिकार केवळ बादशहाचा, म्हणून रोला परवानगी मागावी लागली. एका रात्री गलका ऐकून तो अंगणात धावला, तेव्हा सावज हुकलेल्या श्वापदाने त्याच्या समोर असलेला, त्याने बराच काळ सांभाळलेला लहानसा कुत्रा पकडला. पालखीतील कुत्रा आणि अंगणातील हा बिचारा कुत्रा हे दोन्ही दरबारी जीवनाचे भाग होते. मांडूच्या रानात मेंढरू राखण्यास मात्र त्यांच्यापैकी एकही उपयोगी नव्हता. ते काम करणारा कुत्रा निराळा होता आणि त्याचा धनी कोणत्याही रोजनिशीत आलेला नाही.

तो धनी म्हणजे धनगर. माळव्याच्या मराठी इतिहासाचा आरंभच एका अर्थाने मेंढवाड्यातून होतो. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर यांचे बालपण खानदेशात तळोदे येथे मामा भोजराज बारगळ यांच्या घरी मेंढरांमागे गेले, हे सर्वश्रुत आहे. माण, खटाव, फलटण, बारामती या कोरड्या टापूंतील धनगरांचे वाडे दिवाळीनंतर घर-संसार घोड्यांवर लादून कोकणाकडे किंवा पाणथळ मुलखाकडे निघतात. वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतात आणि रात्री मेंढरांभोवती जाळीची वाघर लावली जाते. वाघरीच्या आत मेंढरे, बाहेर माणसे आणि त्यांच्याही पलीकडे, अंधाराच्या कडेला, कुत्रे.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. मेंढरांबरोबर राहणाऱ्या कुत्र्यांची कामे दोन प्रकारची असतात: एक हाकण्याचे आणि दुसरे राखण्याचे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लांडगा शतकांपूर्वीच नष्ट झाला. तेथे कुत्र्याला राखणीचे काम फारसे उरले नाही. धन्याच्या शिटीवर कळप वळविणे, फोडणे, एकत्र आणणे हे त्याचे कौशल्य ठरले. आपल्याकडे कळप वळविण्याचे काम धनगर स्वतःच हाळी देऊन, शीळ घालून आणि काठीच्या इशाऱ्याने करतो. कुत्र्याकडून त्याची अपेक्षा एवढीच असते की रात्री जागावे, लांडग्याला अंगावर घ्यावे आणि मेंढराला कधीही तोंड लावू नये. दख्खनचे पठार काय किंवा माळव्याचे माळ काय, दोन्ही लांडग्याचे जुने मुलूख आहेत. म्हणून आपला मेंढवाड्याचा कुत्रा राखणदार झाला.

या कुत्र्याची निवड कशी होत असे? लिखित वंशावळ नव्हती, परंतु निवड मात्र अत्यंत कडक होती. कोणत्या वाड्यातील कुत्र्याने लांडग्याचा पाठलाग केला, कोणत्या कुत्रीची पिल्ले मेंढरांत शांत राहतात, हे माणसांच्या तोंडी असे आणि त्यावरून पिल्लू कोठून आणायचे ते ठरे. जो भित्रा निघाला त्याचा वंश पुढे चालत नसे. जो मेंढरावर उलटला त्याला वाड्यात जागा नसे. रंग, कानांची ठेवण, शेपटीचा बाक यांना महत्त्व नव्हते असे नाही. पण ते सर्व कामानंतर.

दरबार आणि मेंढवाडा यांचा सांधा जेथे जुळला ते स्थळ शोधण्यासाठी आपल्याला माळव्यातून दक्षिणेकडे जावे लागते आणि तो रस्ता देवासच्या राजघराण्यातूनच जातो. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचा विवाह १९०८ साली कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी झाला. पुढे त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून बसले. या सोयरिकीमुळे देवासच्या मंडळींचा ज्या दक्षिणी संस्थानांच्या मुलखाशी संबंध आला, त्यांतच घटप्रभेकाठचे घोरपड्यांचे मुधोळ हे एक लहानसे संस्थान होते.

मुधोळच्या परिसरातील बेरड आणि अन्य शिकारी समाजांपाशी एक उंच, सडपातळ, खोल छातीचा आणि आत ओढलेल्या पोटाचा कुत्रा होता. नजरेने सावज हेरायचे आणि वेगाने गाठायचे ही त्याची पद्धत. कमरेची हाडे वर दिसतात म्हणून नवख्याला तो उपाशी वाटतो. प्रत्यक्षात ती त्याच्या धावेची बांधणी होय. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांच्या नजरेत हे कुत्रे भरले, त्यांनी त्यांची निगराणीने पैदास केली आणि त्यांतील एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले असे सांगितले जाते. महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाडा आणि सोलापूर भागात, याच कुत्र्याला ‘कारवानी’ म्हणतात. पश्चिम आशियातून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर याचे पूर्वज आले असावेत, अशी या नावामागची समजूत आहे आणि सलुकी जातीशी असलेले त्याचे साम्य पाहता ती निराधार वाटत नाही. कानांवर व शेपटीवर लांब रेशमी केस असणाऱ्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात.

मालोजीरावांचे श्रेय मोठे आहे यात शंका नाही. परंतु त्यांनी काही नवे प्राणी निर्माण केले नाहीत. बेरडाच्या झोपडीपाशी, शेतकऱ्याच्या खळ्यावर आणि धनगराच्या वाड्यावर जे होते ते त्यांनी ओळखले. दरबाराने नाव दिले, दूध दिले, औषधपाणी केले. कुत्रा मात्र ज्यांनी घडविला ते लोक त्या नावाच्या बाहेरच राहिले.

आता रिंगणाकडे वळू. कुत्र्यांचे आधुनिक पद्धतीचे प्रदर्शन इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले. १८७३ साली लंडनमध्ये ‘केनेल क्लब’ स्थापन झाला. योगायोग असा की त्याच १८७३ साली वेल्समधील बाला या गावी मेंढपाळ कुत्र्यांच्या कामाची पहिली मोठी स्पर्धा झाली. म्हणजे एकाच वर्षी दोन कसोट्या उभ्या राहिल्या. एकीत कुत्र्याला पंचासमोर उभे करून त्याची खांद्यापर्यंतची उंची, दातांची रचना, चाल आणि रंग तपासायचा. दुसरीत त्याला डोंगराच्या उतारावर मेंढरांमागे सोडायचे. १९०६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मेंढपाळ श्वान संस्थेने दुसरी कसोटी मानली आणि कामाच्या गुणांवर भर देणारी वंशनोंद ठेवली. त्यामुळे बॉर्डर कोली ही जात इतकी प्रसिद्ध असूनही केनेल क्लबने तिला प्रदर्शनासाठी मान्यता दिली ती थेट १९७६ साली. त्या वेळी मेंढपाळांपैकी अनेकांना आनंदापेक्षा धास्ती वाटली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. रिंगणातील आणि कुरणातील बॉर्डर कोली पुढे बऱ्याच अंशी वेगवेगळ्या वाटांनी गेल्या.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रीतीने आला. १९४८ साली धार, देवासची दोन्ही संस्थाने, इंदूर आणि ग्वाल्हेर मध्यभारतात विलीन झाली. त्याच वर्षी मुधोळही मुंबई प्रांतात गेले. संस्थाने गेली तसे शिकारखाने मिटले. १९७१ साली तनखे बंद झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार हाच गुन्हा ठरला. तो कायदा आवश्यक होता याविषयी दुमत होऊ नये. तो नसता तर माळव्यातील काळविटांची आणि धारकडील सरदारपूरच्या खरमोर पक्ष्यांची काय गत झाली असती, याची कल्पनाच केलेली बरी. परंतु पंचवीस वर्षांत या कुत्र्याचा आश्रयदाता गेला आणि त्याचे कामही गेले. दरम्यान १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ म्हैसूर राज्यात समाविष्ट झाले. एकाच कुत्र्याला सीमेच्या अलीकडे कारवानी आणि पलीकडे मुधोळ म्हणण्याची प्रथा त्यामुळे अधिकच पक्की झाली. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत तो ‘कॅरव्हान हाउंड’ आहे. नावाचा हा वाद रिंगणाच्या काठावर अजूनही रंगतो.

तरीही जात टिकली, कारण खेड्यांनी ती सोडली नाही. मेजर वि. वा. सोमण यांचे भारतीय कुत्र्यांवरील इंग्रजी पुस्तक १९६३ साली मुंबईस प्रसिद्ध झाले आणि शहरी वाचकाचे या विषयाकडे थोडे लक्ष गेले. पुढे २०१७ साली थिओडोर भास्करन यांनी भारतीय श्वानवंशांचा समग्र परामर्श घेतला. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयीन मेंढपाळ कुत्रा अशा चार जातींची तिकिटे काढली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुविज्ञान विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले. आसपासच्या अनेक कुटुंबांना पिल्लांच्या पैदाशीतून उपजीविका मिळू लागली. २०१६ साली सैन्याने मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी घेतली. ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाने रामपूर आणि मुधोळ कुत्र्यांना शिकविण्याचे काम हाती घेतले आणि २०२४ साली लखनऊ येथील अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये तेथील ‘रिया’ या मुधोळ कुत्रीने माग काढण्यात अव्वल स्थान मिळविले. २०२५ साली हिमाचलातील गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी जात म्हणून नोंदले. ही चौथी नोंद होय. बिबट्याशी सामना करणाऱ्या आणि गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा बांधणाऱ्या या कुत्र्याची नोंद झाली, म्हणजे मेंढवाड्याच्या कामाला प्रथमच राजमुद्रा मिळाली, असे म्हणता येईल.

या पुनरुज्जीवनाचा कणा म्हणजे पैदास करणारी कुटुंबे. त्यांच्या जीवनक्रमाची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. सुमारे त्रेसष्ट दिवसांचा गर्भकाळ, वेताच्या वेळचे रात्रजागरण, पिल्लांची लसटोचणी, रोजची मैलोगणती धाव, आणि प्रदर्शनाच्या हंगामात पहाटेच्या गाडीने परगावचा प्रवास. रिंगणात जेमतेम काही मिनिटे उभे राहण्यासाठी वर्षभर राबावे लागते. जो केवळ पिल्ले विकण्यासाठी यात उतरतो त्याला हे झेपत नाही. जो टिकतो तो बहुधा घरातील सर्वांना त्यात ओढून घेतो. घराचे जेवणखाण, पाहुणे, सहली हे सारे कुत्र्यांच्या वेळापत्रकाने ठरू लागते.

अशा निष्ठेचा आदर राखूनही दोन धोके सांगितले पाहिजेत. पहिला धोका रक्ताचा. संख्येने थोड्या असलेल्या जातीत एखादा नर दोन-चार प्रदर्शने जिंकला की सर्वांना त्याचीच पिल्ले हवी असतात. काही पिढ्यांत सगळे एकमेकांचे जवळचे नातलग होतात आणि दोष वर येऊ लागतात. मेंढवाड्यात हे घडण्यास आडकाठी होती, कारण वाडे चालत असत आणि वाटेवर नवे रक्त मिळे. दुसरा धोका कामाचा. चारशे चौरस फुटांच्या सदनिकेत ठेवलेला, धावण्याची संधी नसलेला कारवानी हा दिसायला कारवानीच असतो. परंतु त्याच्या वंशात पुढे धाव उरेल का, हे पंचाच्या फुटपट्टीला सांगता येत नाही.

यावर उपाय प्रदर्शने बंद करणे हा नव्हे. रिंगणामुळेच आज वंशनोंद होते, आजारांची चर्चा होते आणि शहरातील पैसा खेड्यातील पैदासकाराकडे वळतो. परंतु रिंगणात पारितोषिक मिळविलेल्या कुत्र्याची धावेची आणि स्वभावाची परीक्षा त्याच वजनाने घेतली जावी आणि ज्या धनगर, बेरड, पारधी कुटुंबांकडे अजून कामाचे कुत्रे आहेत त्यांची वंशपरंपरा नोंदवहीत त्यांच्या नावाने यावी. असे झाले तर दरबार, मेंढवाडा आणि रिंगण या तिघांचे ऋण एकाच पानावर मांडले जाईल.

आपल्या समाजाला कुत्र्याचे स्मारक करणे ठाऊक आहे. रायगडावरील वाघ्याचा पुतळा १९३६ साली उभा राहिला तो इंदूरच्या तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या देणगीतून. म्हणजे त्या दगडात माळव्याचा पैसा आहे. वाघ्याच्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नसल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि त्यावरून २०१२ साली व पुन्हा २०२५ साली वाद झाला. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल की ज्याच्याविषयी कागद नाही अशा कुत्र्याला आपण चौथरा दिला आणि ज्याने शेकडो वर्षे वाघरीबाहेर रात्र काढली त्याच्याविषयी साधे टिपणही ठेवले नाही.

वंशावळीचे मोल माळव्यातील मराठी माणसाला सांगावे लागत नाही. धारचे पवार आपला संबंध परमारांशी जोडतात आणि अठराव्या शतकातील धारप्राप्तीकडे पूर्वजांच्या गादीवरील पुनरागमन म्हणून पाहतात. आपापल्या घरांतही पिढ्यांची नावे लिहिलेले कागद जपलेले आहेत. परंतु त्या कागदांमुळे आपण मराठी राहिलो का? घरातील बोली, चंपाषष्ठीचा रोडगा, गणपतीतील आरत्या, मंडळातील वाचन, हे जेथे रोजच्या व्यवहारात राहिले तेथे मराठीपण राहिले. जेथे ते केवळ आडनावापुरते उरले तेथे दोन पिढ्यांत मावळले. जनावराच्या जातीचा आणि माणसाच्या भाषेचा नियम या बाबतीत फारसा वेगळा दिसत नाही.

धार, देवास आणि आसपासच्या अनेक घरांत संस्थानी काळातील शिकारीची छायाचित्रे, खासगी खर्चाच्या वह्या, पत्रे अजून असतील. अशा छायाचित्रांखाली वाघाची लांबी इंचासकट लिहिलेली असते, पाहुण्यांची नावे क्रमाने दिलेली असतात. एका कडेला दोरी धरून उभा असलेला मनुष्य आणि त्याच्यापाशी बसलेला कुत्रा मात्र बिननावाचे राहतात. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांपैकी काही नावे आठवत असतील. ती आताच विचारून, छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावीत आणि त्यांची एक प्रत मंडळाच्या संग्रहात द्यावी. कुत्र्याचे नाव मिळाले तर उत्तमच. दोरी धरणाऱ्याचे नाव आधी विचारावे.